धांड्यातली कांडी

गेल्या भाद्रपदात आमच्या पुतण्याच्या मुलीचा फोन आला. ती शेतीखात्यात नोकरीला आहे. म्हणाली, "आबा, एक विचारायचं होतं. पावसात लिहिता येईल असं पेन कोणतं हो?"

झालं होतं असं की अतिवृष्टीच्या नुकसानीचे पंचनामे चालले होते. सोयाबीन पिवळं पडून शेतात आडवं झालेलं, कपाशीत पाणी. हिने बांधावर उभं राहून जेल पेनने सगळं व्यवस्थित लिहून घेतलं, शेतकऱ्याची सही घेतली, कागद पिशवीत ठेवला. परतीच्या वाटेत पिशवीत पाणी शिरलं. घरी येऊन बघते तर गट नंबरच्या जागी नुसता निळा ओघळ! दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत पुन्हा त्याच शेतात. त्या माणसाने बिचाऱ्याने काही न बोलता पुन्हा सही केली. "मला फार लाज वाटली आबा," ती म्हणाली. "तुम्ही जन्मभर पेनंच धरली, म्हणून तुम्हाला विचारते."

आता आजकाल सगळं मोबाईलवर भरतात असं मी ऐकून होतो. पण मोबाईल बंद पडतो, रेंज नसते, आणि सही शेवटी कागदावरच लागते. तेव्हा मी तिला म्हटलं, सांगतो विचार करून. त्या विचारात दोन दिवस गेले आणि पेनावरून मन भलतीकडेच गेलं. ज्या गोष्टीवर यायला मी इतकी वर्षं टाळत होतो, तिथेच येऊन थांबलं. म्हणून हा लेख. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा जन्म १९५० सालचा. शाळेत गेलो तेव्हा आमचा वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात नुकताच येत होता. पहिली-दुसरीला पाटी. मग कित्ता गिरवायला बोरू, आणि वरच्या वर्गात टाक आणि दौत. आमच्या पिढीतल्यांना हे सांगायला नको, पण नातवंडांसाठी सांगतो. बोरू म्हणजे एक प्रकारचं पोकळ गवत. त्याचं टोक चाकूने तिरकं छाटायचं, मधे चीर द्यायची, की झाली लेखणी. देवनागरीचं जाड-बारीक वळण बोरूने जसं उतरतं तसं दुसऱ्या कशानेही उतरत नाही. टोक झिजलं की पुन्हा छाटायचं. बोरू संपायचा तो बोटात धरता येईनासा होईपर्यंत. टाक म्हणजे लाकडी दांडीला पत्र्याची निब. तिचं तोंड एकदा फाकलं की वहीवर नुसते डाग.

शाई घरीही करत. दिव्याचं काजळ आणि डिंक खलून काळी शाई, नाहीतर हिरडा आणि हिराकस उकळून. आमच्या वेळेपर्यंत मात्र शाईच्या टिकिया आणि पुड्या दुकानात मिळू लागून बरीच वर्षं झाली होती. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे भाऊ गोविंद यांनी १९३१ साली मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाच्या पुड्या आणि टिकियांपासून धंदा सुरू केला, पुढे फाउंटन पेनची 'कॅमल' शाई काढली, आणि 'कॅमल' व 'इंक' जोडून कॅमलिन हे नाव झालं. घोड्यावरून उंटावर! मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देत असे. (२०११ साली ती कंपनी जपानी कोकुयोच्या हाती गेली, तो भाग मी गाळत असे.)

पण शाई कितीही चांगली असली तरी आमच्या जिल्ह्याचं हवामान तिचं वैरी. वर्ध्याचा उन्हाळा ज्याने भोगला नाही त्याला हे कळायचं नाही. वार्षिक परीक्षा एप्रिलात. दौतीतली शाई दुपारपर्यंत दाट होऊन काकवीसारखी व्हायची, त्यात पाणी घालायचं, मग अक्षर फिकं. पावसाळ्यात उलट: कागद सर्द, शाई फुटायची. आणि कापसाचा हंगाम म्हणाल तर तो आणखी निराळा. माझे वडील जिनात काट्यावर मुनीम होते. गाड्या येताहेत, वजनं होताहेत, पट्ट्या लिहायच्या, आणि सगळीकडे रुईचे तंतू उडताहेत. टाकाच्या चिरेत एक तंतू अडकला की आठाचा पाच आणि पाचाचा डाग. मण-शेरांच्या हिशेबात असा डाग कोणाला परवडणार? म्हणून वडील काट्यावर टाक कधी नेत नसत. त्यांच्या कानावर एक पेन्सिल असे. कोरडी लिहिली तर करडी, पण ओल लागली की जांभळी गडद आणि मग काही केल्या न पुसणारी. वडील ती जिभेला लावून लिहायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांची जीभ जांभळी! आई रागवायची. त्यात विषारी रंग असतो हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. रेल्वे, पोस्ट, जिन, जिथे म्हणून लिहिलेलं खोडता येऊ नये आणि दौत सोबत नेता येऊ नये, तिथे तिथे ही पेन्सिल होती. माझ्या मते आमच्या भागातलं पहिलं 'कुठेही चालणारं पेन' तेच. पेन नव्हे, पेन्सिल. असो.

याच्या दीड-दोन तपं आधी, आमच्याच वर्ध्यात, खुद्द गांधीजींच्या समोर हा पेनाचा प्रश्न आला होता. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि घर त्यासाठी दिलं आणि त्या जागेला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी हे नाव पडलं. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा, विलायतेत हिशेबनिशी शिकून आलेले, अमेरिकेत अर्थशास्त्र केलेले. १९३५ साली गांधीजी स्वतः मगनवाडीतच मुक्कामाला होते. सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते १९३६ मध्ये गेले. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या असे सगळे प्रयोग तिथे चालत. त्यात लेखणीही आली. गावात होणारा कागद, गावात होणारी शाई, आणि गावात छाटलेला बोरू, असा गांधीजींचा आग्रह होता. गावातली गरज गावाने भागवावी, हाच त्याच्या मागचा हिशेब.

पण ज्या माणसाला दिवसाकाठी ढीगभर पत्रं लिहायची, रेल्वेच्या डब्यात लिहायची, उजवा हात दुखला की डाव्याने लिहायची, त्याला बोरू किती पुरणार? तेव्हा त्यांनी फाउंटन पेनही वापरलं, आणि ते विलायती असावं याची त्यांना बोच असणार. इथे राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम येतात. हे सोनारकामाच्या धंद्यातले. असं सांगतात की १९२१ साली ते गांधीजींना भेटले तेव्हा गांधीजी म्हणाले, सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाची काहीतरी स्वदेशी वस्तू कर, टाचणीपासून पेनापर्यंत काहीही. रत्नम यांनी पेन धरलं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याची कांब लेथवर हाताने कातून ते पेन करत. कुमारप्पांच्या हस्ते एक पेन गांधीजींकडे पोचलं, आणि १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून त्यांनी रत्नम यांना चार ओळींचं पत्र लिहिलं: पेन मिळालं, वापरून पाहिलं, बाजारात जी परदेशी पेनं दिसतात त्यांना हा चांगला पर्याय दिसतो. नुसतं 'मिळालं, आभार' नव्हे. वापरून पाहिलं आणि मग लिहिलं. त्या पत्रावर राजमहेंद्रीचं ते घराणं आजवर अभिमानाने पेनं कातत आलं आहे.

(नकाशा काढून बघा. आमची वर्धा नदी वैनगंगेला मिळते, दोघींची होते प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि ती गोदावरी राजमहेंद्रीच्या घाटाला लागते. पेन उलट्या दिशेने आलं एवढंच.)

एबोनाइटची एक गंमत सांगायला हवी, कारण ती उन्हाशी निगडित आहे. ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात शाई अर्ध्यावर आली की वरच्या जागेत हवा असते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते. मग निबेतून थेंब टपकन वहीवर! एबोनाइटमधून उष्णता सहज जात नाही, त्यामुळे हे थोडं कमी होतं. थोडंच हं. मे महिन्यात खिशाला लावलेल्या कोणत्याही शाईपेनावर मी विश्वास ठेवणार नाही. आम्हा मास्तर मंडळींचे सगळे सदरे याला साक्ष आहेत.

मगनवाडीत हे चाललं होतं त्याच सुमारास तिकडे हंगेरीत लास्लो बिरो नावाचा एक पत्रकार शाईच्या डागांनी वैतागला होता. छापखान्याची शाई दाट असते, कागदावर पडल्याबरोबर वाळते, मग ती पेनात का घालू नये? पण दाट शाई निबेतून उतरेना. तेव्हा त्याने टोकाला एक बारीक गोळी बसवली. गोळी कागदावर फिरते, आतल्या बाजूने शाई माखून घेते, बाहेरच्या बाजूने कागदाला देते. भाऊ ग्यॉर्गी रसायनं जाणणारा, त्याने शाई जमवली. १९३८ साली इंग्लंडमध्ये पेटंट नोंदलं. बिरो ज्यू होता. लवकरच त्याला युरोप सोडून अर्जेंटिनाला जावं लागलं, तिथे १९४३ मध्ये पुढचं पेटंट. पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते इंग्रजांचं विमानदल. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की शाईपेनं गळत. बिरोचं पेन गळेना. तीस हजार पेनं घेतली म्हणतात. १९४५ साली न्यूयॉर्कच्या दुकानात असलंच पेन साडेबारा डॉलरला विकलं गेलं, म्हणजे श्रीमंतांचं खेळणं. आणि पाचच वर्षांत, डिसेंबर १९५० मध्ये, फ्रान्सच्या मार्सेल बिक यांनी षटकोनी पारदर्शक नळीचं 'बिक क्रिस्टल' काढलं आणि पेन स्वस्त करून टाकलं. षटकोनी अशासाठी की उतरत्या बाकावरून ते घरंगळू नये. कोणा मास्तरानेच सुचवलं असेल की काय असं मला उगाच वाटतं!

व्हॉट्सॅपवर अधूनमधून फिरणारी एक गोष्ट आहे की अमेरिकेने अंतराळात लिहायला पेन बनवण्यासाठी कोट्यवधी खर्च केले आणि रशियाने पेन्सिल वापरली. आमच्या ग्रुपवर ती आतापर्यंत चारदा आली. खरं असं की पेन्सिली दोघेही वापरत होते. शिशाची पूड हवेत तरंगते, वीज वाहून नेते, जळते, म्हणून ती धोक्याची. पॉल फिशर नावाच्या कारखानदाराने स्वतःच्या पैशाने, आत नायट्रोजनचा दाब असलेली बंद कांडी तयार केली. नासाने ती पेनं १९६७ साली विकत घेतली, १९६८ च्या अपोलो ७ मध्ये ती गेली, आणि पुढे रशियानेही तीच घेतली. पुन्हा कोणी ती गोष्ट पाठवली तर त्याला हा लेख पाठवा.

आता माझ्यावर येतो.

बी.ए. होऊन, ट्रेनिंग करून मी १९७३ साली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत लागलो. गावाचं आणि शाळेचं नाव घेत नाही. तोवर बॉलपेन आठवडी बाजारात पोचलं होतं. पोरं त्याला कांडीचं पेन म्हणत. आणि आमच्या शाळेत त्याला सक्त बंदी होती. बॉलपेनने अक्षर बिघडतं, पोरं दाबून लिहितात, वळण जातं, असं मुख्याध्यापकांचं मत, आणि खोटं कशाला सांगू, माझंही तेच. मला माझ्या अक्षराचा अभिमान होता. फळ्यावर सुविचार मीच लिहायचा. पाचवीपासून सातवीपर्यंत शाई आणि टाक, किंवा ज्याची ऐपत असेल त्याला शाईपेन. बॉलपेन दिसलं की जप्त. माझ्या टेबलाच्या खणात अशी दहा-बारा पेनं पडलेली असायची.

सहावीत एक मुलगा होता. आईबाप दोघेही कापूस वेचायला, निंदायला जाणारे. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी, गणितात चलाख. एकदा शुद्धलेखन घालत बाकांमधून फिरत होतो तर याच्या हातात काहीतरी चमत्कारिक दिसलं. ज्वारीचा वाळका धांडा, वीतभर, बोटाइतका. आणि त्याच्या टोकातून बॉलपेनची पितळी टीप बाहेर आलेली. त्याने बाजारातून नुसती चार आण्यांची कांडी आणली होती. पेनाच्या नळीला पैसे कुठले? धांड्यातला गाभा कापसासारखा मऊ असतो, त्यात ती कांडी दाबून बसवली होती. गाभा तिला चारी बाजूंनी घट्ट धरून ठेवी, हलू देत नसे. बोटं धरायच्या जागी साल थोडी सोललेली, म्हणजे निसटू नये. मागच्या टोकाला एक बारीक भोक, कांडीत हवा जायला. हे भोक त्याला कोणी शिकवलं होतं? बिकच्या नळीलाही असं भोक असतं, आणि का असतं ते मला स्वतःला त्यानंतर कित्येक वर्षांनी कळलं.

मी हात पुढे केला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पेन नोहे जी हे. कांडी आहे."

वर्ग हसला. मला वाटलं पोरगं उलट बोलतंय. नियम पेनाला आहे, कांडीला नाही, असा वकिली मुद्दा काढतोय. मी तो धांडा घेतला, दोन तुकडे केले आणि खिडकीतून बाहेर टाकला. जप्तही केला नाही, मोडून टाकला. आणि त्यावर अक्षराचं महत्त्व या विषयावर पाच मिनिटं बोललो.

पुढचे तीन-चार दिवस शुद्धलेखनाला तो हात मांडीवर ठेवून बसायचा. मी वहीत शून्य देत गेलो. मग कुठूनतरी टाक आला, दौत शेजारच्याची. वार्षिक परीक्षा एप्रिलात, पत्र्याचं छप्पर. ज्या दौतीत तो टाक बुडवत होता तिच्यातली शाई आटत आलेली. त्याचा गणिताचा पेपर मीच तपासला. उत्तरं बरोबर होती असं वाटतं, पण निम्मे आकडे फिकट होत होत कागदातच विरून गेलेले. जेवढं वाचता आलं तेवढ्याला गुण दिले. पास झाला. सातवीला काही दिवस आला, दिवाळीनंतर आला नाही.

त्याची शाळा माझ्यामुळे सुटली असं म्हणण्याइतका मी मोठा नव्हतो. दिवाळीनंतर वेचणी सुरू होते, आणि त्या काळी त्या वस्तीतल्या निम्म्या मुलांची शाळा वेचणीतच सुटत असे. पण हेही खरं की तो परत यावा असं त्याला वाटण्यासारखं मी काही केलं नव्हतं.

आणि सर्वात टोचतं ते हे. आम्ही ट्रेनिंगमध्ये नई तालीम पाठ केली होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, हस्तोद्योगातून शिक्षण, हाताने करता करता शिकणं... दहा मार्कांचा हमखास प्रश्न! मला दहापैकी आठ होते. ज्या जिल्ह्यातून तो विचार देशभर गेला, त्याच जिल्ह्यात एका पोराने गावातल्या धांड्यातून, चार आण्यांत, स्वतःच्या हाताने, उन्हात न आटणारं आणि पावसात न फुटणारं पेन तयार केलं, आणि मी ते मोडलं. मगनवाडीच्या कसोटीला ते पूर्ण उतरलं नसतं, कांडी बाहेरची होती. पण कुमारप्पांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं असतं, आणि त्या पोराला मगनवाडीत बोलावलं असतं, असं मला वाटतं.

माझी अक्कल ठिकाणावर आली ती टप्प्याटप्प्याने. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली होती. वडील म्हातारपणी तिथल्या काट्यावर काही हंगाम होते. मोजमापाच्या पावतीच्या कार्बन घालून प्रती काढायच्या. टाकाने दाबलं तर निब फाकते. तिथे बॉलपेनच पाहिजे. वडिलांनी चाळीस वर्षांची जांभळी पेन्सिल कानावरून काढून ठेवली आणि बॉलपेन घेतलं. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. ते म्हणाले, "मास्तर, तुझं अक्षर बघायला लोक येतात. माझ्या अक्षरावर लोकांचे पैसे आहेत." वडील मला रागावले की मास्तर म्हणायचे.

मग १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत ड्यूटी लागली. रणरणता उन्हाळा, केंद्रावर पंखा नाही. माझं लाडकं शाईपेन अकराच्या सुमारास ओकलं आणि हिशेबाच्या तक्त्यावर रुपयाएवढा डाग. तक्ता नव्याने लिहायचा, आणि तोही कार्बन घालून. शेजारच्या शिपायाने खिशातलं पांढरं-निळं रेनॉल्ड्स काढून दिलं, ज्यावर टोपणाच्या बाजूला दातांनी चावल्याच्या खुणा होत्या. रात्री साडेदहाला पेट्या जमा होईपर्यंत ते चाललं. कंदिलाच्या उजेडात सह्या करताना मला तो धांडा आठवला. त्याआधी आठवला नव्हता असं नाही. पण तेव्हा आठवला तो निराळा.

बॉलपेनची बाजू घ्यायची म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. शाई तेलात कालवलेली, दाट; आमच्या उन्हात ती पातळ होऊन खिशात गळतेच कधीकधी. थंडीत आखडते, मग तळहातावर घासून ऊब द्यायची. आणि रंग उडतो. माझी जुनी टाचणवही खिडकीजवळ पडून राहिली होती, तिच्यातली बॉलपेनची पानं जवळजवळ कोरी झाली आहेत, आणि काजळाच्या शाईच्या पोथ्या शेकडो वर्षं काळ्याभोर. म्हणजे पेन टिकाऊ की लिहिलेलं टिकाऊ, हे दोन प्रश्न वेगळे. शिवाय हल्ली कांडी बदलायची सवयच गेली. पेन संपलं की फेकलं. बोरूच्या कपच्या चुलीत जायच्या. ही प्लास्टिकची हाडं कुठे जाणार?

मागे एकदा मगन संग्रहालयात गेलो होतो. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलेली ही वास्तू; वर्ध्याला आलात तर सेवाग्राम बघून परत फिरू नका, तिथेही जा. चरखे, घाण्या, कागदाची अवजारं बघत मी बराच वेळ काढला. बरोबरच्या नातवाने विचारलं, आजोबा, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही. ज्वारीचा धांडा शोधत होतो असं त्याला काय सांगू?

तर पोरीच्या प्रश्नाचं उत्तर. मी चार प्रकारची पेनं आणली, प्रत्येकाने एका कागदावर आमच्या गावाचं नाव लिहिलं आणि कागद नळाखाली धरला. दोन जेल पेनं वाहून गेली. एक जेल टिकलं, कारण त्याच्या शाईत पाण्यात विरघळणारा रंग नव्हता, न विरघळणारी पूड होती. डब्यावर तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघून घ्यावं. आणि साधं दहा रुपयांचं, तेलाच्या शाईचं बॉलपेन जसंच्या तसं. मग तेच पेन दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवलं, टोक वर करून. संध्याकाळी लिहिलं. पुन्हा टोक खाली करून ठेवलं, तर थोडं गळलं. तेव्हा बाई, खिशात ठेवायचं ते टोक वर करून, आणि ओल्या कागदावर कोणतंच पेन लिहीत नाही म्हणून पॅडवर प्लास्टिकचा कागद टाकायचा. तिला पाच पेनं आणि पंधरा सुट्या कांड्या पाठवल्या. तिचा निरोप आला: "आबा, कांड्या कशाला एवढ्या?"

त्या तशाच ठेव म्हटलं. एखाद्या बांधावर पोरगं भेटलं तर दे.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. ती जिभेला लावून लिहायची जांभळी पेन्सिल कोणाच्या घरी, जुन्या पेटीत, आजोबांच्या चष्म्याच्या डबीत वगैरे सापडली तर मला कळवा. तुकडा असला तरी चालेल. वडिलांची होती ती आईने फेकून दिली.